निमित्त नको, मैदान हवं

(वारणानगर इथं परिसरातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर, उन्हाळ्याच्या तोंडावर केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून ते देत आहोत.)



मघाशी चहाच्या वेळी एका मावशींनी मला विचारलं, "ताई, आज कशावर बोलणार? दारूबंदीवर का कोर्टाच्या कामावर?" मी म्हटलं, "मावशी, आज जत्रेवर बोलणार आहे. खेळावर बोलणार आहे." त्या हसून म्हणाल्या, "मग आज सुट्टीच हाय म्हणा की!"

मला तिथंच विषय सापडला. खेळ आणि मजा म्हटलं की आपल्याला तो कामातला विषय वाटत नाही. मारहाण, हुंडा, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव हे आपले प्रश्न आहेत, आणि ते आपण सोडणार नाही. पण बाईनं उघड्यावर बसावं, हसावं, पळावं, खेळ बघावा, हा प्रश्न आपण नेहमी 'नंतर बघू' म्हणून मागं ठेवत आलो. आज तो पुढं घेऊ या.

आता उन्हाळा आला. आपल्या वारणेच्या खोऱ्यात उन्हाळा म्हणजे काय? कारखान्याचा पट्टा पडतो, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात, शाळांना सुट्टी लागते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते. गावोगावच्या सासनकाठ्या निघतात, गुलालानं वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलाबी होतो. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा रथ निघतो. मग वैशाखापर्यंत गावागावांतल्या जत्रा. कुस्त्यांची मैदानं, बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा. पोरं दिवसभर विहिरीवर आणि नदीवर. शहरात पेठापेठांचं फुटबॉल रंगतं आणि संध्याकाळी रंकाळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर राबणाऱ्या माणसाला हे हवंच. याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

पण हाच उन्हाळा आपल्या घरात कसा असतो? सांडगे, पापड, कुरडया, शेवया. वर्षाची चटणी. धान्याला ऊन दाखवायचं, डाळी करायच्या. सुट्टीला नणंदेची पोरं येतात. जत्रेच्या दिवशी पहाटे चूल पेटते ती रात्री उशिरा विझते. पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती, तांबडा-पांढरा आणि भाकऱ्यांची चळत. मैदानात हलगी वाजायला लागली की ती आपल्याला स्वयंपाकघरात ऐकू येते. निकाली कुस्ती झाली की आरोळी उठते, आणि आपण भाकरी थापता थापता पोराला विचारतो, "काय झालं रं? कोण जिंकलं?"

मला सांगा, इथं बसलेल्यांपैकी किती जणींनी आपल्याच गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघितलंय? … तीन हात वर आलेत. आणि त्यातल्या दोघी सरपंच आहेत! म्हणजे त्यांना स्टेजवर खुर्ची होती.

जत्रेची वर्गणी घरटी गोळा होते. त्या घराच्या पैशात आपली मजुरी असते, दुधाचं बिल असतं. पण यात्रा कमिटीत बाई नसते, आणि पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही. वर्गणी आपली, राबणं आपलं, बघणं मात्र त्यांचं. हा हिशेब एकदा मांडायला हवा.

कुणी म्हणेल, बायका काय बाहेर पडत नाहीत? जोतिबाला जातात, पंढरीला जातात, हळदीकुंकवाला जातात. जातात ना. यात्रेत बायका किती मोकळ्या होतात ते मी बघितलंय. डोंगर चढताना एकमेकींना हाका मारतात, गुलाल खेळतात, झाडाखाली बसून शिदोरी सोडतात. पण ते देवाच्या नावानं आहे म्हणून चालतं. बाईला बाहेर पडायला निमित्त लागतं. देव, दवाखाना, बाजार, दळण, पोराची शाळा. "कुठं गेली होतीस?" याला "सहज बसले होते पारावर" हे उत्तर बाई देऊ शकत नाही. गडी देऊ शकतो. तो दिवसभर तेच करतो आणि त्याला कुणी विचारतही नाही.

कोल्हापुरात एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी काही काळ मुंबईत नोकरीला होते. मे महिन्यातल्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर पहिल्यांदा गेले तेव्हा मी पिशवी घट्ट धरून भराभर चालत होते, जणू कुठंतरी काम आहे. नंतर लक्षात आलं, काम काहीच नव्हतं, मी फक्त कामाचं सोंग आणलं होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा असाच अभ्यास केला आणि २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. उगाच का रेंगाळू नये, असा त्याचा सवाल. त्यांचं म्हणणं असं की, बाईला सुरक्षित ठेवायचं म्हणून तिला घरात बसवणं हे उत्तर नाही. काही काम नसताना शहरात रमण्याचा हक्क तिला हवा. मला वाटतं, हे म्हणणं मुंबईपुरतं नाही. आपल्या पाराला आणि मैदानालाही ते लागू आहे.

आपला कोल्हापूर जिल्हा खेळाचा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान बांधलं. मधे आखाडा आणि भोवती उतरती बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही कुस्ती दिसावी. त्याच राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाळेचं दार हळूहळू मुलींसाठी उघडलं, मैदानाचं मात्र फार उशिरा.

हमीदा बानूचं नाव ऐकलंय का? १९५४ साली बडोद्यात या बाईनं बाबा पैलवान नावाच्या मल्लाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं. पुण्यात तिची एका पुरुष मल्लाशी कुस्ती ठरली होती, ती तिथल्या तालीम संघाच्या विरोधामुळं रद्द झाली. ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीची. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा कधी झाली? मार्च २०२३ मध्ये, इथून जवळच, सांगलीला. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मधे बासष्ट वर्षं गेली.

त्याच आठवड्यात मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना झाला. त्या वर्षी या सामन्यांना मुलींना आणि बायकांना तिकीट नव्हतं. ब्रेबॉर्न स्टेडियमवर बायका नुसत्या खेळत नव्हत्या, बायका बघायलाही बसल्या होत्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक घेतला, त्यात सांगलीची स्मृती मानधना होती. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण आणलं.

या सगळ्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण एक धोका सांगते. पदक मिळवणाऱ्या मुलीची आपण जीपमधून मिरवणूक काढतो. मग बाप म्हणतो, "माझी पोरगी पदक आणणार असंल तर खेळू दे, नाहीतर घरात काम हाय." म्हणजे पदक हेही एक निमित्तच झालं! मुलाला असं कुणी विचारतं का? गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या शंभर पोरांतलं एकही पुढं रणजी खेळत नाही. तरी ती खेळतात, पडतात, भांडतात, घामानं भिजून घरी येतात. मला त्या मुलीबद्दल बोलायचंय जी कधीच पदक मिळवणार नाही. तिचाही मैदानावर तेवढाच हक्क आहे.

मी स्वतः तशीच एक मुलगी. आमच्या गावी विहिरीवर भावांबरोबर पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. अकराव्या वर्षी डबा सुटला, सूर मारता यायला लागला. बाराव्या वर्षी आजीनं सांगितलं, "आता पुरं." कुणी रागावलं नाही, मारलं नाही. फक्त पुरं. भाऊ जात राहिले, मी त्यांचे ओले कपडे वाळत घालत राहिले. आज मी पस्तिशीची आहे, पाण्यात उतरायला मला भीती वाटते.

आता आपल्या कामातला एक अनुभव सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या मुलींना त्रास नको. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिथं मुलींचे खेळ सुरू केले. शाळेचं मैदान, संध्याकाळी सहा ते साडेसात, म्हणजे ऊन उतरल्यावर. कबड्डी आणि खो-खो. खर्च कसला? दोन खांब, फक्की आणि पाण्याचा माठ. पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या, आठवड्यात बावीस झाल्या.

दुसऱ्या आठवड्यात काही पोरं कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसली आणि मोबाईलवर चित्रण करायला लागली. एका मुलीची, चौदा वर्षांची, चढाई करतानाची चित्रफीत त्यांनी गाणं लावून गावभर फिरवली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला बंद केलं. आम्ही कार्यकर्त्या घाबरलो. बैठक घेतली आणि ठरवलं, खेळ समाजमंदिराच्या आत घ्यायचे, दार लावून. कॅरम, लंगडी, दोरीवरच्या उड्या. आम्हाला वाटलं, आपण मुलींना सुरक्षित केलं.

त्यांच्यातली एक मला म्हणाली, "ताई, चोरी त्यांनी केली आणि कोंडलं आम्हाला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती आमची चूक होती, मी ती आज तुमच्यासमोर मान्य करते. आजीनं मला जे सांगितलं होतं, तेच मी एम.एस.डब्ल्यू. होऊन त्या मुलींना सांगितलं. मुली आठ दिवसांत पांगल्या. समाजमंदिराला कुलूप लागलं.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, आम्ही आधी मुलींना गोळा केलं नाही. आधी त्यांच्या आयांना आणि आज्यांना भेटलो. मार्चमध्येच महिला सभेत ठराव घेतला की, शाळेचं मैदान उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दीड तास मुलींचं आणि बायकांचं. तो ठराव ग्रामसभेत मांडला. तिथं कुजबुज झाली, एक जण म्हणाला, "आता बायका लंगोट लावणार काय?" त्यावर सत्तरीच्या एका आजीबाई उठल्या. म्हणाल्या, "लंगोट तुझा तुला लखलाभ. आमी नऊवारीचा काष्टा मारून झिम्मा खेळलोय, तवा तुझा बा पाळण्यात हुता." ठराव मंजूर झाला.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी पोरांना बोलावून समज दिली की, परवानगीशिवाय मुलींचं चित्रण केलंत तर तक्रार होईल. पण खरं काम केलं ते आज्यांनी. त्या रोज सहाला येऊन त्याच भिंतीपाशी बसायला लागल्या. कुणी वाती वळत होतं, कुणी शेंगा फोडत होतं. पंधरा दिवसांत त्या शेंगा आणायच्या विसरल्या आणि मुलींना ओरडून सांगायला लागल्या, "अगं पकड, पकड तिचा पाय!" मेच्या अखेरीला एका संध्याकाळी आयांनी पदर खोचले आणि फुगडीचा फेर धरला. नागपंचमी नाही, गौरी नाही. नुसता मे महिना, आणि बायका मैदानात फुगडी घालतायत! मी तिथं उभी होते, मला रडू आलं.

ती चौदा वर्षांची मुलगी मात्र परत आली नाही. मी तिच्या घरी तीनदा गेले. वडील म्हणाले, "आता दहावी हाय, नंतर बघू." ती दारात उभी राहून ऐकत होती. आपण एक उन्हाळा घाबरलो, त्याची किंमत तिनं दिली. हे मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

आणखी दोन गोष्टी बोलायला हव्यात, त्या अडचणीच्या आहेत.

पहिली, मैदानावर कोण येतं? आम्ही पहिल्या वर्षी घरोघर सांगत फिरलो, पण वस्तीतल्या मुलींकडं शेवटी गेलो. "खेळ सगळ्यांना खुला आहे" म्हटलं की काम झालं असं आम्हाला वाटत होतं. तसं होत नसतं. ज्यांना नेहमी बाहेर ठेवलंय त्यांच्याकडं आधी जावं लागतं. विधवा बायकांचंही तेच. चैत्रातलं हळदीकुंकू, कैरीचं पन्हं, आंब्याची डाळ हा बायकांचा उन्हाळ्यातला मेळावा, पण त्यात कपाळावर कुंकू नसलेलीला बोलावणं नसायचं. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनी हे अनुसरावं असं सांगितलं. ठराव कागदावर आहे, तो अंगणात आणायचाय. मला मैदानातला खेळ म्हणून आवडतो, की कबड्डीच्या संघात कुणी कपाळ बघून घेत नाही.

दुसरी गोष्ट, मुलींची सुरक्षितता. २०२३ चा उन्हाळा आठवा. मार्चमध्ये सांगलीत महिला केसरी झाली, आणि एप्रिलपासून दिल्लीत जंतरमंतरच्या फुटपाथवर देशाच्या नावाजलेल्या महिला मल्ल बसल्या होत्या, लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल घ्या म्हणून. २८ मे रोजी त्यांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत उचलून नेलं. साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्यांची ही अवस्था, तर तालुक्याच्या मैदानावरच्या मुलीचं काय? म्हणून जिथं मुली खेळतील तिथं निदान एक बाई हजर असावी, प्रशिक्षकाबद्दल तक्रार कुणाकडं करायची ते मुलींना पहिल्याच दिवशी माहीत असावं, आणि तक्रार आली तर खेळ बंद करायचा नाही, गुन्हा करणाऱ्याला बंद करायचं. आम्ही हे उलटं केलं होतं, म्हणून ठासून सांगते.

आता काम काय करायचं? नुसतं टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. उन्हाळा सुरू व्हायला थोडे दिवस आहेत.

एक, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. त्यात मैदानाच्या वेळेचा ठराव घ्या आणि तो ग्रामसभेत वाचून घ्या.

दोन, ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठं गेला ते विचारा. त्यातून मैदानावर दिवा लावून घ्या, पाण्याची सोय करून घ्या.

तीन, मुतारी. लाजू नका. जत्रेत बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. मुंबईतल्या बायकांनी याच प्रश्नावर २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. आपण यात्रा कमिटीला अर्ज देऊ, की वर्गणीतला पहिला खर्च बायकांच्या स्वच्छतागृहाचा.

चार, यात्रा कमिटीत निम्म्या बायका. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पंचायत चालवणाऱ्या बायकांना जत्रा चालवता येत नाही काय?

पाच, जत्रेतला स्वयंपाक. हे सगळ्यात अवघड. एका वेळचं जेवण सार्वजनिक करा, आचारी लावा, नाहीतर गड्यांनी भाकऱ्या थापाव्यात. मंडळातल्या एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या मालकांना तर चहाबी येत नाही." मी म्हटलं, कुस्तीचे डाव येतात ना? मग हेही शिकतील.

आणि सहावं काम तुमचं स्वतःचं. या उन्हाळ्यात एक संध्याकाळ, काही काम न काढता, चौघीजणी मिळून नदीकाठी नाहीतर पारावर जाऊन बसा. भाजी निवडायला नेऊ नका. कुणी विचारलं, "काय काम काढलं?" तर सांगा, "काही नाही, बसलोय." पहिल्यांदा जीभ अडखळेल. माझीही अडखळली होती.

मी या वर्षी पोहायला पुन्हा शिकायचं ठरवलंय. परवा भाचीला सांगितलं. ती नऊ वर्षांची आहे. म्हणाली, "आत्या, डबा मी बांधते तुझ्या पाठीला." तिचं बारावं वर्ष यायला तीन उन्हाळे आहेत. तोवर आपल्याला हे सगळं करायचंय.

जत्रेत भेटू. चुलीपाशी नाही, मैदानात.